पिंडरांचा बुरूज

माझी बायको विनी माहेरची पिंडर. हे ती कुणालाही दुसऱ्याच वाक्यात सांगते. पहिल्या वाक्यात हवेबद्दल बोलते, कारण इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात हवेचा विषय काढल्याशिवाय तोंड उघडणं असभ्यपणाचं समजतात.

पिंडर म्हणजे काय, हे आमच्या आस्कबी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जुन्या काळी आमच्याकडे आडनाव चिकटायचं ते बहुधा धंद्यावरून. पाव भाजणारा बेकर झाला, कपडे शिवणारा टेलर झाला आणि दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गाय हाकत नेऊन कोंडवाड्यात घालणारा पिंडर झाला. गावानं बेकरच्या जिवावर पोट भरलं, टेलरच्या जिवावर अंग झाकलं आणि पिंडरच्या नावानं बोटं मोडली. हा झाला सगळा इतिहास. तो पोस्टाच्या तिकिटामागे लिहिता येईल, आणि वर थुंकी लावायला जागा उरेल.

पण आडनाव लावणाऱ्याला एवढ्यावर समाधान नसतं. पिंडर कुलसंघाची एक सुबक पुस्तिका आमच्या घरी दिवाणखान्यात बायबलच्या शेजारी असते. तीत छापलं आहे की, 'काही सामान्य पिंडरांचं नाव धंद्यावरून पडलं असलं, तरी आपली शाखा निराळी. आपण इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्कररबरोबर समुद्र ओलांडून आलेल्या सर गी द पिंद्र यांचे वंशज.' कुलसंघाचा प्रत्येक सभासद हे वाचतो आणि शेजारच्या सभासदाकडे जरा दयेनं बघतो. कारण सामान्य पिंडर कुणीतरी असणारच, आणि आपण तर नाही.

पुस्तिकेचे लेखक आणि कुलसंघाचे अध्यक्ष कर्नल ऑब्री पिंडर-लेसी. त्यातलं लेसी त्यांच्या बायकोचं. लग्नात मिळालेल्या चांदीच्या चमच्यांसारखं ते त्यांनी नावापुढे मांडून ठेवलं होतं. सैन्यात ते बूट आणि कांबळी वाटायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी सरे परगण्यात लोकांच्या घरांना काचेच्या खोल्या जोडून दिल्या आणि स्वतःच्या घराण्याला पूर्वज जोडला. दोन्ही कामं सारखीच: बाहेरून चकाचक, आत थंडी वाजते.

पूर्वज मिळाला, पण त्याला राहायला घर नको? ते कर्नलना आस्कबीत सापडलं. हिरवळीच्या कडेला, चर्चसमोर, छातीइतक्या उंचीची एक गोल दगडी भिंत आहे. तिला लाकडी फाटक आहे आणि आत बारा महिने गवत माजलेलं असतं. तो आमचा कोंडवाडा. कर्नल एकदा सहलीला आले, त्यांनी भिंतीभोवती एक फेरी मारली, छडीनं दगड ठोकून बघितले आणि पुढच्या पुस्तिकेत छापलं: 'सर गी यांच्या बुरुजाचा पाया.'

बुरुजाला फाटक एवढं रुंद कशाला, की दोन बैल जोडीनं जावेत, असा प्रश्न एकाही पिंडरला पडला नाही.

इथे थेल्मा ब्लेड्स आली. आस्कबीत पिंडरचा हुद्दा अजून आहे, आणि तो थेल्माकडे आहे. तिच्याआधी तिच्या बापाकडे होता. तिच्या नात्यात औषधालासुद्धा पिंडर आडनाव नाही. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिटसन सणाच्या सोमवारी 'प्लाऊ' या आमच्या पबच्या माडीवर जुनं मॅनर कोर्ट, म्हणजे जहागिरीच्या काळापासूनचं गावकोर्ट, भरतं. गावातलेच काही जण पंच म्हणून बसतात, बिअर पितात आणि शपथा घ्यायला लावतात. पिंडरनं शपथेवर सांगायचं की, गेल्या कोर्टापासून मी निदान एक भटकं जनावर कोंडलं. सांगता आलं नाही, तर हुद्दा कायमचा बंद आणि कोंडवाडा ग्रामसमितीच्या ताब्यात.

थेल्मा स्वभावानं गोड असती, तर तिला हुद्दा गेला काय नि राहिला काय. पण ती गोड नाही. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, नवरा लवकर वारला तो सुटकेचा श्वास टाकूनच, असं गाव म्हणतं. या जगात तिला एकच गोष्ट अशी मिळाली होती, की तिच्यामुळे लोकांना थेल्माला मान द्यावा लागे. वर्षातून एकदा, शपथेच्या वेळी, सगळी माडी तिच्यासाठी उभी राहायची. तेवढ्यासाठी ती उरलेलं वर्ष काढायची.

आता भटकी जनावरं आणायची कुठून? शेतांना विजेच्या तारा आल्यापासून आमच्या गाई पंचांपेक्षा शिस्तीत राहतात. त्यावर गावानं एक सोय काढली होती. कोर्टाच्या आदल्या आठवड्यात पर्सी टट या खाटकाची म्हातारी शेळी 'चुकून' सुटायची. थेल्मा तिला कोंडायची. पर्सी फाटकाशी टोपी काढून शेळी मागायचा. कुणी हसायचं नाही.

या वर्षी शेळी सुटली नाही.

कारण कर्नलनी ग्रामसमितीला शब्द दिला होता: बुरूज कुलसंघाला द्या, मी तुमच्या सभागृहाला नवं छप्पर घालून देतो. आमच्या सभागृहाचं छप्पर असं, की पावसाळी सभेत अध्यक्ष छत्रीखाली आणि इतिवृत्त लिहिणारा टेबलाखाली. पण पिंडर आहे तोवर कोंडवाडा देता येत नाही. यावर कुठे सभा झाली नाही, ठराव झाला नाही, कुणी कुणाच्या कानाशी लागलं नाही. आस्कबीत अशी कामं बोलून होत नाहीत. सगळ्यांनी फक्त आपापल्या जनावरांची फार काळजी घ्यायला सुरुवात केली.

मी सॉसेज आणायला गेलो होतो, तेव्हा थेल्मा पर्सीच्या दुकानात काउंटरला टेकून उभी होती.

"पर्सी, शेळी कशी आहे रे?"

"सर्दी झालीय तिला."

"शेळीला?"

"वाऱ्यात नको म्हणालेत."

"कोण म्हणालंय?"

पर्सीनं सुरी पुसायला घेतली. सभागृह समितीचा अध्यक्ष तोच. "थेल्मा, समजून घे की. छप्पर आहे गावाचं. तुझ्या त्या भिंतीत काय ठेवलंय?"

"माझ्या बापानं तुझ्या आज्याचं डुक्कर कोंडलं होतं त्या भिंतीत. तुझा आजा रडला होता फाटकाशी."

"माहीत आहे मला. दर ख्रिसमसला ऐकवतेस."

"मग आता कुणाला ऐकवू?" ती म्हणाली. आवाज जरा खाली गेला होता, म्हणून तिनं लगेच चढवला. "आणि हे सॉसेज कालचे आहेत. त्याला देऊ नकोस, तो पिंडरांचा जावई आहे, आधीच खूप सोसतोय."

व्हिटसनचा सोमवार उजाडला. कर्नलनी पिंडरांचा मेळावा मुद्दाम त्याच दिवशी ठेवला होता. सकाळी फलकाचं अनावरण, दुपारी थेल्माच्या हुद्द्याचा शेवट, संध्याकाळी चहा आणि केक. कोंडवाड्याच्या भिंतीवर जांभळा मखमली पडदा लावला होता आणि पडद्यामागे पितळी फलक होता.

दोन बसगाड्या भरून पिंडर उतरले. हलचे पिंडर, ग्रिम्सबीचे पिंडर, कॅनडाहून आलेला एक दातांचा डॉक्टर पिंडर. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले, आणि बिल्ल्यांवर सगळ्यांचं आडनाव तेच, त्यामुळे कुणालाच कुणाला हाक मारता येईना. विनी नवी, पीस खोवलेली हॅट घालून त्यांच्यात मिसळली. मी हिरवळीवरच्या बाकावर थेल्माशेजारी जाऊन बसलो. जावयाला चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसवतात. त्यापेक्षा बाक जास्त सोयीचं.

थेल्मा विणत होती. समोर ठेवलेल्या तिच्या पिशवीत कोर्टात घालायची काळी टोपी होती.

"कशाला आणलीस?" मी विचारलं. "शपथ तर घेता येणार नाही."

"घालून जाईन आणि म्हणेन, नाही कोंडलं. बघू देत सगळ्यांना माझ्या तोंडाकडे. पर्सीला पहिल्या रांगेत बसवणार आहे."

तेवढ्यात एक मालमोटार आली. तिच्यातून एक पांढराशुभ्र घोडा उतरला आणि मागोमाग मिस हॉब्डे नावाची दणकट बाई. हिचा नाटक-सिनेमांना घोडे भाड्यानं देण्याचा तबेला आहे. कर्नल मखमली झगा आणि पिसांची टोपी घालून तयारच होते. दोघांनी मिळून त्यांना खोगिरावर चढवलं, घोड्यानं शंभरेक पावलं चालून दाखवलं, आणि पिंडरांनी टाळ्या वाजवल्या.

"मित्रहो," कर्नल वरूनच म्हणाले, "हा कॉन्करर! माझ्याच तबेल्यातला. सर गी ज्या रक्ताच्या घोड्यावरून आले, त्याच रक्ताचा!"

मिस हॉब्डेनं आभाळाकडे बघितलं. तिच्या धंद्यात गिऱ्हाइकाला टोकत नाहीत.

मग कर्नल उतरले, म्हणजे त्यांना उतरवलं, आणि त्यांच्या डोक्यात एक फोटो आला. "याचा लगाम काढा. पूर्वजांच्या भूमीवर मोकळा चरणारा अश्व! पुस्तिकेचं मुखपृष्ठ!"

"मोकळा सोडू नका हो," मिस हॉब्डे म्हणाली.

"बाई, ही जमीन आमच्या घराण्याची आहे नऊशे वर्षं. इथे आमचा घोडा बांधायचा कशाला?"

लगाम निघाला. फोटो झाला. चर्चची घंटा वाजली. सगळे पिंडर पूर्वजाबद्दल देवाचे आभार मानायला आत गेले. मिस हॉब्डे चहा शोधायला गेली. हिरवळीवर घोडा उरला, एकटा, मोकळा, चरत.

थेल्माच्या सुया थांबल्या.

आमच्या हिरवळीचा नियम जुना आहे. ज्याची आस्कबीत चूल पेटते, त्याचं जनावर इथे चरेल, बाकीचं भटकं. हे मी तिला सांगायची गरज नव्हती. मी एवढंच म्हणालो, "थेल्मा, तुझी टोपी पिशवीत चुरगळेल."

तिनं टोपी डोक्यावर घातली. खिशातून पेपरमिंटची गोळी काढली. गुडघे धरून उठली आणि तोंडानं चुचकारत घोड्याकडे गेली. घोडा सिनेमात वाढलेला. कुणी बोलावलं की जायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. ती पुढे, तो मागे, कोंडवाड्याच्या फाटकातून दोघं आत. मग ती एकटी बाहेर आली आणि तिनं अडसर टाकला. मी तिला इतक्या हळू, इतक्या प्रेमानं काही करताना कधी पाहिलं नव्हतं.

चर्चमधून बाहेर पडलेल्या पिंडरांना पहिलं काय दिसलं असेल, तर बुरुजाच्या भिंतीवरून बाहेर काढलेलं घोड्याचं तोंड. त्या तोंडात जांभळा पडदा होता. अर्धा खाऊन झाला होता. फलकाचं अनावरण झालंच म्हणायचं.

"हे काय!" कर्नल धावत आले. "बाई, माझा घोडा बुरुजात कुणी घातला?"

"कोंडवाड्यात," थेल्मा म्हणाली. "मी घातला."

"काढा त्याला बाहेर."

"असा कसा काढू, राजा? भटकं जनावर आहे."

"भटकं? तो कॉन्करर आहे!"

"असेल. चारचौघांसारखाच गवत खात होता."

फाटकावर हात ठेवायला कर्नल पुढे झाले, तर थेल्मानं विणायची सुई त्यांच्या बोटांपाशी धरली. टोचली नाही. नुसती धरली. तेवढ्यात 'प्लाऊ'तून मॅनर कोर्टाचे पंच बाहेर आले, कारण कोर्टाची वेळ झाली होती आणि बाहेर बिअरपेक्षा चांगलं काहीतरी चाललं होतं. पुढे कारभारी क्रॅकनेल, आमचे निवृत्त गुरांचे डॉक्टर. मागे पर्सी. त्याचा चेहरा कलेजीच्या रंगाचा झाला होता.

"थेल्मा!" पर्सी कुजबुजला, खाटकाची कुजबुज अख्ख्या हिरवळीला ऐकू आली. "छप्पर, थेल्मा, छप्पर!"

"शेळीची सर्दी कशी आहे, पर्सी?"

क्रॅकनेलनी चष्मा लावला. आयुष्यभर गाईंच्या पोटात हात घातल्यामुळे त्यांना कसलीच घाई नसे. "कायदा साधा आहे, कर्नल. मालकानं फाटकाशी यायचं, डोकं उघडं करायचं, आपलं नावगाव सांगायचं आणि पिंडरकडे जनावर मागायचं. मागितलं की मिळतं. नाही मागितलं, तर राहतं."

"पिंडरकडे?" कर्नल म्हणाले. "पिंडर मी आहे!"

"तुमचं आडनाव आहे," क्रॅकनेल म्हणाले. "पिंडर या बाई आहेत."

 पिंडरांच्या घोळक्यातून हलची एक जाडजूड आत्या पुढे झाली. "तुम्ही पिंडर? कुठल्या शाखेच्या?"

"शाखा नाही बाई," थेल्मा म्हणाली. "फावडं. ते बघा, फाटकामागे ठेवलंय. जनावर जे टाकून जातं ते उचलायचं. तुमच्या पूर्वजानंही तेच केलं असणार, म्हणून तर नाव चिकटलं. धुतलं नसेल नीट."

कॅनडाच्या दंतवैद्यानं आपला बिल्ला हळूच कोटाच्या आत वळवला.

इथे कर्नलना सुटकेची एक वाट होती. मिस हॉब्डे हातात सँडविच घेऊन आलीच होती. "अहो, मी मागते ना! घोडा माझा..."

"मिस हॉब्डे माझ्या तबेल्यात नोकरीला आहेत," कर्नल घाईनं म्हणाले.

"मी?"

"नोकरीला आहेत!"

 बाई सँडविचचा घास घेऊन म्हणाली, "बरं. मालक तुम्ही. मग मागा. पण चहाच्या वेळेपर्यंत माझा... तुमचा घोडा गाडीत चढला पाहिजे. रात्री त्याला दुसऱ्या एका राजाला घेऊन जायचंय." आणि तिनं भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "काय रे, बिस्किट?"

कॉन्करर खिंकाळला.

घोडा भाड्याचा म्हणावा, तर त्याचं रक्त खोटं. आपला म्हणावा, तर कोंडवाड्यापुढे उघडं डोकं. कर्नलनी दोन्हींचा विचार केला. तो त्यांच्या कानांच्या रंगावरून सगळ्यांना दिसत होता. माणूस पूर्वजासाठी काय काय करतो! शेवटी त्यांनी पिसांची टोपी काढली. खाली टक्कल होतं, अगदी सामान्य.

"बाई, माझा घोडा..."

"बाई नाही. हुद्दा."

"...पिंडर."

"जोरात. मागच्या बसवाल्यांना ऐकू येत नाही."

"पिंडर! मी ऑब्री पिंडर-लेसी, सरेचा. माझं जनावर चुकलं. ते मला द्यावं."

"कुठे चुकलं?"

"हिरवळीवर."

"कुणाच्या?"

कर्नलनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "आस्कबीच्या."

"आणि आता कुठे आहे?"

बुरूज म्हणायची ती शेवटची संधी होती. सगळे पिंडर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. घोडासुद्धा.

"कोंडवाड्यात," कर्नल म्हणाले.

थेल्मानं अडसर काढला.

त्यानंतर माडीवर कोर्ट भरलं. क्रॅकनेलनी विचारलं, "पिंडर, गेल्या कोर्टापासून भटकं जनावर कोंडलंस का?" थेल्मानं काळी टोपी सारखी केली आणि शपथेवर सांगितलं, "एक पांढरा घोडा, आणि त्याचा मालक जवळजवळ." सगळी माडी उभी राहिली. पर्सी सर्वांत शेवटी उठला, पण उठला. उठावंच लागतं.

कर्नल केक न खाताच गेले. छप्परही त्यांच्याबरोबर गेलं. पुढच्या ग्रामसभेत आम्ही सगळे छत्र्या घेऊन बसलो, आणि थेल्मा मुद्दाम जिथे जास्त गळतं तिथे, पर्सीच्या शेजारी, टोपी घालून. फलक मात्र फुकट गेला नाही. 'सर गी' हे नाव कोरलेली बाजू खाली करून तिनं तो फाटकाच्या उंबऱ्यात चिखलावर टाकला आहे. पाय पुसायला बरा पडतो.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी आणि विनी चालत घरी निघालो. बसगाड्या जाताना काचेतून पिंडर दिसत होते, एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. विनीनं हॅट काढून हातात घेतली होती.  इतकी वर्षं ज्या पूर्वजाला तिनं दिवाणखान्यात बसवलं होतं, त्याच्या हातात फावडं दिसलं. मला खरंच तिची दया आली. मी तिचा हात धरला.

"हवा बरी आहे आज," ती म्हणाली.

"बरी आहे."

"बिचारे कर्नल," ती म्हणाली. "मला पहिल्यापासून शंका होतीच. त्यांची शाखा धंद्याची." तिनं हॅट परत डोक्यावर ठेवली आणि पीस सरळ केलं. "आपली निराळी."

घरी जाऊन मी बटाटे सोलायला घेतले.